मोटारीतला ‘अर्थ’ नेमका कोठे असतो?

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीतली गोष्ट. माझा पुतण्या आपली नवी मोटार घेऊन आमच्याकडे आला. नवी म्हणजे त्याला नवी. तशी ती एका गृहस्थांनी बरीच वर्षे वापरलेली होती. तिच्यात त्याने हौसेने गाणी ऐकण्याची व्यवस्था केली होती. पुढे रेडिओ, मागे डिकीत एक विवर्धक, म्हणजे ज्याला आपण अ‍ॅम्प्लिफायर म्हणतो तो, आणि चार ध्वनिक्षेपक. सारी जोडणी त्याने स्वतःच्या हाताने केली होती व त्याचा त्याला रास्त अभिमान होता. फक्त एक तक्रार होती.

“काका, एंजिन बंद असलं की आवाज अगदी स्वच्छ येतो. एंजिन सुरू केलं की गाण्याच्या मागे एक बारीक शिट्टी वाजते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की शिट्टीही वर चढते! दुकानदार म्हणतो, एक फिल्टर बसवा. बसवू का?”

मी म्हटले, “आधी जोडणी तर पाहू.” डिकी उघडली. विवर्धकाची ऋण तार जवळच्या पत्र्यात एका स्क्रूने आवळली होती. त्या स्क्रूभोवतीचा रंग तपकिरी पडला होता. नुकतीच तासभर गाणी ऐकत स्वारी आली होती. मी स्क्रूला बोट लावले आणि चटकन मागे घेतले. मग बोनेट उघडले. बॅटरीच्या धन टोकापासून एक लाल तार थेट पत्र्याच्या भोकातून आत गेली होती. मध्ये फ्यूज, म्हणजे वितळतार, कोठेच नव्हती.

“शिट्टीचं नंतर पाहू,” मी म्हणालो. “आधी बॅटरीची तार सोडव.”

त्या दुपारी आम्ही दोघांनी जे काम केले, त्यात नववी-दहावीच्या पुस्तकातील ओहमच्या नियमापलीकडचे फारसे काही लागले नाही. जॉर्ज ओहम या जर्मन शिक्षकाने हा नियम १८२७ साली पुस्तकरूपाने मांडला. परीक्षेत त्यावर गणिते सोडवणारे आपण सारे प्रत्यक्ष तारा जोडताना तो कसा विसरतो, हेच या लेखात पाहावयाचे आहे.

गीझरची तार आणि २०० वॅट

पुतण्याने वापरलेली लाल तार घराच्या वायरिंगमधून उरलेली होती, २.५ चौरस मिलिमीटर छेदाची, चांगल्या तांब्याची. त्याचे म्हणणे असे, “काका, ह्या तारेवर आपला २००० वॅटचा गीझर चालतो. माझा विवर्धक तर फक्त २०० वॅटचा आहे!”

वरवर पाहता हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण तार तापते ती शक्तीमुळे नव्हे, तिच्यातून वाहणाऱ्या विद्युत् प्रवाहामुळे. घरात विद्युत् दाब २३० व्होल्ट असतो. २००० ला २३० ने भागले की गीझरचा प्रवाह निघतो सुमारे ८.७ अँपिअर.

आता विवर्धक पाहू. त्याचे चार भाग प्रत्येकी ५० वॅट, म्हणजे एकूण २०० वॅट ध्वनिक्षेपकांना देतात. परंतु कोणतेही यंत्र घेतलेली सर्व शक्ती परत देत नाही. पुतण्याचा विवर्धक जुन्या पद्धतीचा होता. अशा विवर्धकाची कार्यक्षमता पूर्ण आवाजात सुमारे ६० टक्के धरता येते. म्हणजे २०० वॅट देण्यासाठी तो सुमारे ३३३ वॅट घेणार. आणि घेणार कोणाकडून? १२ व्होल्टच्या बॅटरीकडून. ३३३ भागिले १२ म्हणजे जवळजवळ २८ अँपिअर! गीझरच्या तिपटीहून अधिक. शक्ती तीच ठेवून दाब कमी केला की प्रवाह वाढतो. दूरच्या वीजकेंद्रापासून वीज आणताना दाब लाखो व्होल्टपर्यंत का चढवतात, याचे कारणही हेच, फक्त उलट बाजूने पाहिलेले.

येथे कोणी विचारील, की विवर्धक हवाच कशाला? रेडिओतही एक छोटा विवर्धक असतोच. असतो खरा, पण त्याला मिळतात १२ व्होल्ट. ध्वनिक्षेपकाच्या दोन्ही टोकांना आळीपाळीने ओढले तरी ४ ओहमच्या ध्वनिक्षेपकावर दाबाचे शिखर १२ व्होल्टच्या पलीकडे जात नाही. १२ चा वर्ग १४४, त्याला ४ च्या दुपटीने भागले की १८ वॅट. एवढीच त्याची धाव. ५० वॅटसाठी शिखर २० व्होल्टचे हवे. म्हणून वेगळ्या विवर्धकात आधी बॅटरीचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून एका छोट्या रोहित्रातून नेतात व दाब वाढवून घेतात. या वाढीव दाबाची किंमत बॅटरीकडून ओढलेल्या जादा प्रवाहाने चुकवावी लागते.

आता तारेचा रोध काढू. तांब्याच्या १ मीटर लांब व १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तारेचा रोध सुमारे ०.०१७२ ओहम असतो. बॅटरीपासून डिकीपर्यंत ५ मीटर तार लागली. तेव्हा २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेचा रोध झाला ०.०१७२ × ५ ÷ २.५, म्हणजे ०.०३४ ओहम. ‘एवढासा रोध!’ असे वाटते ना? पण त्याला २८ ने गुणा. जवळजवळ १ व्होल्ट त्या तारेतच नाहीसा झाला. तेवढ्यावर भागत नाही. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध या सूत्राने उष्णता काढा: २८ × २८ × ०.०३४, म्हणजे सुमारे २७ वॅट. एका लहान डाग देण्याच्या इस्त्रीएवढी उष्णता, आणि ती कोठे? पायाखालच्या गालिच्याच्या आत, जेथे वाराही लागत नाही. संगीतात पूर्ण जोर सतत नसतो, सरासरी प्रवाह याच्या तिसऱ्या हिश्शाइतका असतो, म्हणूनच पुतण्याची तार तोवर टिकली होती.

हाच हिशेब १६ चौरस मिलिमीटरच्या तारेसाठी केला तर रोध ०.००५४ ओहम, दाबातील घट ०.१५ व्होल्ट आणि उष्णता सुमारे ४ वॅट. जाड तार घेणे ही हौस नाही, हे यावरून ध्यानात येईल.

जमिनीला न टेकणारी ‘जमीन’

बॅटरीच्या धन टोकापासून निघालेला प्रवाह विवर्धकातून जाऊन ऋण टोकाला परत आलाच पाहिजे. मंडल पूर्ण झाल्याशिवाय प्रवाह वाहत नाही. पण मोटारीत परतीसाठी दुसरी तार टाकत नाहीत. बॅटरीचे ऋण टोक मोटारीच्या पोलादी सांगाड्याला जोडलेले असते आणि दिवे, भोंगा, रेडिओ असे सारे आपली परतीची वाट या सांगाड्यातून काढतात. या जोडणीला मोटार दुरुस्त करणारे ‘अर्थ’ किंवा ‘बॉडी अर्थ’ म्हणतात.

हा शब्द मात्र फसवा आहे. घराच्या अर्थिंगमध्ये तार खरोखरच जमिनीत पुरलेल्या धातूच्या पत्र्याला किंवा नळीला जोडलेली असते. मोटार तर रबरी टायरांवर उभी असते. तिचा जमिनीशी विद्युतदृष्ट्या काही संबंध नाही. आणि दुसरा फरक याहून महत्त्वाचा आहे. घरातील अर्थच्या तारेतून एरवी प्रवाह वाहत नाही. काही बिघाड झाला तरच ती कामाला येते. मोटारीतल्या ‘अर्थ’मधून मात्र सारा प्रवाह सदैव वाहत असतो. ती सुरक्षिततेची राखीव वाट नाही, तो परतीचा हमरस्ता आहे. विवर्धकाच्या लाल तारेतून २८ अँपिअर गेले, तर काळ्या तारेतून २८ अँपिअर परत आलेच पाहिजेत. म्हणून काळी तार लाल तारेइतकीच जाड हवी.

मग पोलादाचा सांगाडा हा चांगला वाहक आहे काय? पोलाद तांब्यापेक्षा सुमारे आठ-नऊ पटींनी वाईट वाहक आहे. पण सांगाड्याचा छेद किती मोठा आहे ते पाहा. मोटारीचा तळाचा पत्रा सुमारे ०.८ मिलिमीटर जाड आणि १ मीटर रुंद धरला, तर त्याचा छेद ८०० चौरस मिलिमीटर झाला. अशा ३ मीटर लांब पत्र्याचा रोध एक सहस्रांश ओहमहूनही कमी भरतो. पुतण्याच्या तांब्याच्या तारेपेक्षा साठपट कमी! म्हणजे हमरस्ता उत्तम आहे. अडचण आहे ती त्या रस्त्यावर चढण्याच्या जागी.

रंगाचा पातळ थर

पत्र्यावर गंज चढू नये म्हणून कारखान्यात रंगाचे अनेक थर दिलेले असतात, आणि रंग हा विद्युत् विरोधक आहे. रंगावरच तारेचे टोक ठेवून स्क्रू आवळला, तर धातूचा धातूशी स्पर्श होतो तो केवळ स्क्रूच्या आट्यांपाशी, टाचणीच्या टोकाएवढ्या काही ठिकाणी. सारा प्रवाह या चिंचोळ्या वाटेतून जाऊ लागतो. ती जागा तापते, तापल्याने तेथे ऑक्साइडचा थर वाढतो, थराने रोध वाढतो आणि वाढलेल्या रोधाने जागा आणखी तापते.

आम्ही मल्टिमीटर घेतला. त्याचे एक टोक विवर्धकाच्या ऋण टोकाला आणि दुसरे, लांब तारेने, बॅटरीच्या ऋण टोकाला लावले. पुतण्याच्या मते ही दोन्ही टोके म्हणजे ‘शून्य’. गाणे मोठ्याने लावले. काटा असता तर नाचलाच असता. आकड्यांचा मल्टिमीटर असल्याने आकडे धावू लागले. ०.६... ०.९... १.१ व्होल्ट! गाण्याच्या ठेक्याबरोबर ‘शून्य’ वरखाली होत होते. सरासरी १० अँपिअरला सुमारे १ व्होल्ट, म्हणजे या परतीच्या वाटेचा रोध ०.१ ओहमच्या घरात होता, आणि तो जवळजवळ सगळा त्या एका स्क्रूपाशी. पूर्ण प्रवाह २८ अँपिअर वाहिला, तर तेथे २८ × २८ × ०.१ म्हणजे ७८ वॅट उष्णता निर्माण होईल. रेडिओ दुरुस्तीला वापरतात ती डाग देण्याची इस्त्री बहुधा २५ वॅटची असते. अशा तीन इस्त्र्या एका स्क्रूच्या डोक्यावर ठेवल्यासारखे झाले. रंग उगीच तपकिरी पडला नव्हता.

शिट्टी कोठून आली?

आता त्या शिट्टीकडे वळू. एंजिन सुरू झाले की त्याच्या पट्ट्यावर फिरणारे जनित्र, म्हणजे अल्टरनेटर, बॅटरी भारू लागते. त्यात तीन गुंडाळ्यांत प्रत्यावर्ती प्रवाह निर्माण होतो आणि सहा डायोड त्याला एकाच दिशेने वाहायला लावतात. पण हा एकदिश प्रवाह बॅटरीच्या प्रवाहासारखा सपाट नसतो. प्रत्येक आवर्तनात त्यावर सहा लहान उंचवटे येतात.

हे उंचवटे सेकंदाला किती? मोटारीच्या अल्टरनेटरमध्ये बहुधा १२ ध्रुव, म्हणजे ६ जोड्या असतात, आणि तो एंजिनाच्या दोन ते तीन पट वेगाने फिरतो. आपण अडीचपट धरू. एंजिन जागच्या जागी मिनिटाला ९०० फेरे घेत असेल, तर अल्टरनेटर २२५० घेईल, म्हणजे सेकंदाला ३७.५. त्याला ६ ने गुणले की सेकंदाला २२५ आवर्तने, आणि प्रत्येकात ६ उंचवटे म्हणून १३५० हर्ट्झ. एंजिनाचा वेग तिप्पट केला की ४०५० हर्ट्झ. आपल्या कानाला २००० ते ५००० हर्ट्झच्या दरम्यानचे आवाज सर्वांत सहज ऐकू येतात. अ‍ॅक्सिलरेटर दाबताच शिट्टी का चढत होती आणि ती एवढी बोचत का होती, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे या एका गुणाकारात आहेत.

पण हे उंचवटे गाण्यात शिरले कसे? रेडिओपासून विवर्धकापर्यंत गाण्याचा संकेत एका बारीक केबलने जातो. तिच्या मधल्या तारेत संकेत असतो आणि भोवतीची जाळी दोन्हीकडे ‘शून्या’ला जोडलेली असते. विवर्धक संकेत मोजतो तो स्वतःच्या शून्यापासून. रेडिओ तो पाठवतो स्वतःच्या शून्यापासून. दोन्ही शून्ये एक असतील तर ठीक. पण येथे विवर्धकाचे शून्य एका ०.१ ओहमच्या स्क्रूमागे बसले होते. अल्टरनेटरच्या चढउताराबरोबर विवर्धक जो प्रवाह ओढत होता, तो त्या स्क्रूवर काही मिलिव्होल्टचा चढउतार उमटवत होता. हा फरक सरळ संकेतात मिसळला जात होता. हळू आवाजात ऐकताना संकेत अवघा ५० मिलिव्होल्टचा असू शकतो. त्यात १० मिलिव्होल्टची भेसळ झाली, तर शिट्टी लपणार कशी?

रेडिओ आणि विवर्धक हे एकदा सांगाड्यातून व दुसऱ्यांदा केबलच्या जाळीतून असे दोन वाटांनी जोडले जाऊन जे कडे तयार होते, त्याला ‘भूसंपर्काचे कडे’ म्हणता येईल. सभागृहांतील ध्वनिवर्धकांत ऐकू येणारी ‘हं’ अशी घरघरही पुष्कळदा अशाच कड्यातून येते.

हे वाचून एखाद्याला वाटेल, की विवर्धकाची काळी तारच काढून टाकावी, म्हणजे कडे तुटेल. असे कधीही करू नका. काळी तार काढली किंवा सैल झाली, तरी विवर्धकाचा प्रवाह थांबत नाही. तो संकेताच्या केबलच्या केसासारख्या जाळीतून रेडिओकडे आणि तेथून सांगाड्याकडे परत जाऊ पाहतो. परिणामी केबल तरी जळते नाहीतर रेडिओ तरी.

वितळतार कोणासाठी?

“पण काका, वितळतार आहे की!” पुतण्या म्हणाला. विवर्धकाच्या अंगावरच दोन वितळतारी बसवलेल्या होत्या. मी त्याला विचारले, “लाल तार एंजिनाकडून आत येते त्या भोकाच्या पत्र्यावर घासून तिचं आवरण फाटलं, तर प्रवाह कुठून कुठं जाईल?”

तो क्षणभर थांबला. प्रवाह बॅटरीतून निघून, तारेच्या पहिल्या एका मीटरमधून पत्र्यात आणि पत्र्यातून परत बॅटरीत जाईल. विवर्धक बिचारा चार मीटर दूर. त्याच्या वितळतारींना या प्रवाहाची वार्ताही लागणार नाही.

हिशेब करू. त्या एक मीटर तारेचा रोध ०.००७ ओहम. चांगल्या बॅटरीचा अंतर्गत रोध काही सहस्रांश ओहमच असतो, आपण ०.००८ धरू. एकूण ०.०१५ ओहम. भारलेल्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्ट, म्हणून प्रवाह ८४० अँपिअर! त्या एक मीटर तारेत निर्माण होणारी उष्णता ८४० × ८४० × ०.००७, म्हणजे जवळजवळ ५००० वॅट. तारेतील तांबे मात्र अवघे २२ ग्रॅम. तांब्याची विशिष्ट उष्णता वापरून गणित केले, तर तिचे तापमान सेकंदाला सुमारे ५७० अंश सेल्सिअसने वाढू लागेल. तापमानाबरोबर रोध वाढतो, त्यामुळे हा वेग पुढे काहीसा मंदावेल. पण प्लास्टिकचे आवरण पेटायला पहिला सेकंदच पुरे आहे. आणि हे घडणार बोनेटखाली, जेथून इंधनाच्या नळ्याही जातात.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. बॅटरीजवळची वितळतार विवर्धकाला वाचवण्यासाठी नसते. ती तारेला, आणि पर्यायाने मोटारीला व आतल्या माणसांना वाचवण्यासाठी असते. म्हणून ती बॅटरीच्या धन टोकापासून अर्ध्या मीटरच्या आत बसवली पाहिजे. जेवढी तार बॅटरी आणि वितळतार यांच्या मध्ये, तेवढी उघड्यावर. तिचा आकडाही तारेकडे पाहून ठरवायचा: यंत्राच्या पूर्ण प्रवाहाहून थोडा अधिक, पण तारेला सोसणाऱ्या प्रवाहाहून नक्कीच कमी. १६ चौरस मिलिमीटरची चांगली तांब्याची तार ६० अँपिअर सहज वाहते. विवर्धकाला लागतात २८. आम्ही ४० अँपिअरची वितळतार निवडली.

आम्ही काय केले

प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडवले. ऋण आधी का? धन टोक सोडवताना हातातला पाना चुकून पत्र्याला लागला, तर बॅटरीची दोन्ही टोके पान्याने जोडली जातात व प्रचंड ठिणगी पडते. ऋण टोक आधीच सुटलेले असेल, तर पाना पत्र्याला लागूनही काही होत नाही, कारण मंडलच तुटलेले असते. पुन्हा जोडताना ऋण टोक सर्वांत शेवटी. बॅटरी भारली जात असताना तिच्यातून हायड्रोजन वायू सुटतो, त्यामुळे ठिणगीशी खेळ नको. हातातले घड्याळ आणि अंगठीही काढून ठेवली.

१६ चौरस मिलिमीटरची लाल तार टाकली. ज्या भोकातून ती आत येते तेथे रबरी कडी बसवली, म्हणजे पत्र्याची धार तिला घासणार नाही. बॅटरीपासून वीतभर अंतरावर वितळतार बसवली. काळी तारही तेवढीच जाड, पण फक्त ४० सेंटिमीटर लांब घेतली. डिकीतील सांगाड्याच्या जाड भागावर मोटार बनवणाऱ्यांनीच ठेवलेला एक बोल्ट सापडला. त्याच्याभोवतीचा रंग पॉलिश पेपरने घासून रुपयाएवढी जागा चकचकीत केली. तारेच्या टोकाला तांब्याचे थिंबल दाबून बसवले, ते थेट धातूवर ठेवले, वर दातेरी वायसर टाकून नट आवळला आणि गंज लागू नये म्हणून बाहेरून ग्रीसचा हात फिरवला. सुरक्षा-पट्ट्याचा बोल्ट जवळ होता. पण तो जिवाच्या रक्षणासाठी असतो, त्याला हात लावला नाही. नवे भोकही पाडले नाही, कारण पत्र्याखाली इंधनाची टाकी असते.

मल्टिमीटर पुन्हा लावला. तेच गाणे, तोच आवाज. आता आकडा होता ०.०२ ते ०.०३ व्होल्ट. पूर्वीच्या तुलनेत चाळीस पटींनी कमी! एंजिन सुरू केले. शिट्टी जवळजवळ गेली होती. कान देऊन ऐकले तर किंचित जाणवे. मग लक्षात आले, की संकेताची केबल आणि जाड लाल तार मोटारीच्या एकाच बाजूने, एकमेकींना चिकटून नेलेल्या आहेत. बदलत्या प्रवाहाभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र असते आणि ते शेजारच्या तारेत विद्युत् दाब प्रवर्तित करते, हे फॅरडेने १८३१ सालीच दाखवून दिले आहे. केबल उचलून मोटारीच्या दुसऱ्या बाजूने नेली, आणि शिट्टी पूर्ण थांबली. फिल्टर घ्यावाच लागला नाही.

आपण विचार करू, तो फिल्टर बसवला असता तर काय झाले असते? कदाचित शिट्टी थांबली असती. पण तापणारा स्क्रू आणि वितळतारीविना धावणारी तार तशीच गालिच्याखाली राहिली असती, आणि त्यांच्याकडे लक्ष वेधणारे काहीच उरले नसते.

करून पाहा

मोटारीच्या बॅटरीवर प्रयोग करू नका. तिचे काम जाणत्या माणसाबरोबरच करावे. विजेवर चालणाऱ्या मोटारींतील नारिंगी रंगाच्या केबलना तर हातही लावू नये. त्यांत शेकडो व्होल्टचा दाब असतो. पण ‘परतीच्या वाटे’चा प्रयोग वर्गात दोन मोठ्या सुक्या घटांवर सुरक्षितपणे करता येतो.

दोन घट एकापुढे एक जोडा. टॉर्चचे २.५ व्होल्टचे दोन दिवे घ्या. दोघांची धन बाजू वेगवेगळ्या जाड तारांनी घटमालेच्या धन टोकाला जोडा. दुसऱ्या दिव्याच्या तारेत एक कळ ठेवा. दोघांच्या ऋण बाजू एकत्र करून, तेथून ०.२ मिलिमीटर व्यासाची, मोटर गुंडाळण्याची २ मीटर बारीक तार घटमालेच्या ऋण टोकापर्यंत न्या. या तारेवर लाखेसारखा विरोधक थर असतो. टोके घासल्याशिवाय दिवा लागणार नाही. रंगाच्या थराचा धडा येथेच मिळेल. आता पहिला दिवा लावा आणि कळ दाबून दुसरा लावा. पहिला एकदम मंद होईल. सामायिक वाटेचा रोध सुमारे १ ओहम आहे, आणि दुसऱ्याच्या प्रवाहाने पहिल्याचे ‘शून्य’ हलवले.

मग प्रत्येक दिव्याला स्वतंत्र, जाड आणि आखूड परतीची तार द्या व पुन्हा पाहा. मंदपणा पुष्कळच कमी होईल. जो थोडा उरेल तो कशामुळे, हे शिक्षकांनी मुलांनाच शोधू द्यावे. सूचना एवढीच, की घटालाही अंतर्गत रोध असतो.

विचार करा

१. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या काही जाड केबलमध्ये आत अ‍ॅल्युमिनियम आणि वर तांब्याचा पातळ मुलामा असतो. तिचा रोध तेवढ्याच छेदाच्या तांब्याच्या केबलच्या दीडपट धरल्यास ५ मीटर लांब, १६ चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये २८ अँपिअरला किती व्होल्ट घट होईल?

२. लेखातील अल्टरनेटर असलेल्या एंजिनाचा वेग मिनिटाला १८०० फेरे असताना शिट्टीची कंप्रता किती?

३. विवर्धकाची काळी तार लाल तारेपेक्षा आखूड असते. मग ती बारीक चालेल काय?

उत्तरे: १. सुमारे ०.२३ व्होल्ट. २. २७०० हर्ट्झ. ३. नाही, दोहोंतून सारखाच प्रवाह वाहतो, आणि तार मीटरमागे किती तापेल हे तिच्या लांबीवर अवलंबून नसते.